ग्रीफ नावाचं ओझं

लीड्स, रविवार

आईस भाविकाचा नमस्कार,

मी बरी आहे, वेळेवर जेवते, स्वेटर घालते. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

कमलाकांतकाका गेल्याचा तुझा फोन आला, तेव्हा मी वृद्धाश्रमात ड्युटीवर होते. मॅनेजरबाईकडे सुट्टी मागितली, तर म्हणते, "काका जवळच्या नात्यात बसत नाहीत." बाबांमागे ज्यांनी मला वाढवलं, ते जवळचे नाहीत! वर हातात एक माहितीपत्रक दिलं. नाव काय, तर 'ग्रीफ'.

इथल्या एका म्हाताऱ्या मास्तरांना अर्थ विचारला. म्हणाले, "मोठं दुःख. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जड."

माझं डोकंच फिरलं. जड आहे हे यांना इतक्या वर्षांपासून ठाऊक, तरी उचलायचं एकेकट्याने? आपल्या मुरबे गावात कुणी गेलं की एकही बोट समुद्रात जात नाही. काकांचं ज्याच्याशी जन्माचं वाकडं होतं तो वारला, तेव्हाही काकांनी बोट थांबवली होती. "गावात मयत हाय, आज नाय जायाचं," एवढंच म्हणाले होते.

काकीजवळ कोण असतं? ती जेवते का? आपल्या धाकट्या रिद्धीला तिच्याकडे पाठवत जा.

माझ्या नोकरीची चिंता करू नकोस, दुसरी मिळेल.

काकांना नेलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. बाईचा फोन आला, का आली नाहीस म्हणून. मी आपल्याच बोलीत सांगितलं, "गावात मयत हाय, आज नाय जायाचं." आणि फोन ठेवला.

तुझीच,
भाविका