इतिवृत्तातला चौथा मुद्दा

१९ ऑक्टोबर, रविवार
दुपारी साडेतीन

प्रिय मुंगे,

पाकीट पाहून दचकू नकोस, इथे कोणाचं काही वाईट झालेलं नाही. सहा महिन्यांनी लिहितेय आणि तेही हाताने, तेव्हा अक्षराबद्दल आधीच माफी. तुला दोनदा फोन लावला होता. दोन्ही वेळा तू उचलायच्या आत मीच ठेवून दिला. फोनवर बोलता बोलता मी भलतीकडे निघून जाते, तुला माहीत आहे.

तुझ्या आई-बाबांना माझा नमस्कार सांग. धाकटीची परीक्षा कशी गेली? तिला म्हणावं, तिने रंगवून दिलेला मूलद्रव्यांचा तक्ता अजून माझ्या टेबलासमोर आहे. त्यातला कोबाल्ट तिने गुलाबी का केलाय, हे मला येणारा जाणारा विचारतो.

विभागातल्या बातम्या सांगते. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला अखेर कडी लागली. विद्यार्थी मंडळाने सात महिन्यांत चार अर्ज केले, तेव्हा कुठे सुतार आला, आणि त्याने कडी बाहेरच्या बाजूने लावली! पाचवा अर्ज करावा लागला. पदव्युत्तरवाल्यांची दोन प्रात्यक्षिकं एकाच वेळेला येत होती, ते वेळापत्रक आपल्या उंटाने एका बैठकीत सोडवून घेतलं. मंडळाचा अध्यक्ष म्हणून तो शोभतो. उभा राहिला की समोरच्याला मान वर करावी लागते, निम्मं काम तिथेच होतं. यंदाच्या पहिल्या वर्षात एक मुलगी आलीय, सगळे तिला 'शंका' म्हणतात. तास संपला, सर पुस्तक मिटायला लागले की हिचा हात वर.

बघ, एक पान भरलं आणि मी अजून कडीकोयंड्यातच घुटमळतेय.

शंकेपासूनच सुरू करते, कारण सुरुवात तिनेच केली. ऑगस्टमध्ये नव्या मुलांना मंडळाची माहिती द्यायला मी वर्गावर गेले होते. मी यंदाही सचिव होते, बिनविरोध. नेहमीचं बोलले: तुमच्या अडचणी आमच्याकडे आणा, आम्ही त्या विद्यार्थी-शिक्षक सभेत मांडतो, सगळं इतिवृत्तात लिहिलं जातं. हिने हात वर केला.

"ताई, एकदा लिहिलं की ते राहतं ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे नंतर कोणी काढून टाकत नाही ना?"

पोरीने सहज विचारलं होतं. तिच्या आधीच्या कॉलेजात काहीतरी झालं होतं म्हणे. मी "नाही, नाही" म्हणाले आणि खडू ठेवून वर्गाबाहेर आले. जिन्यात जाऊन बसले. 

मुंगे, मागच्या नोव्हेंबरच्या सभेत चौथा मुद्दा तुझा होता. प्रयोगशाळेतलं फ्यूम हूड, आपण ज्याला 'धुराचं कपाट' म्हणायचो, त्याचा पंखा चालत नाही, विद्रावकांचा वास खोलीत कोंडतो, मुलांची डोकी दुखतात. तू उभी राहून सांगितलंस. विभागप्रमुख सरांनी सगळ्यांसमोर "लगेच दुरुस्त करून घेतो" म्हटलं. मी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं.

दोन दिवसांनी सरांनी मला खोलीत बोलावलं. चहा मागवला. दरडावलं वगैरे काही नाही, उलट फार आपुलकीने बोलले. जानेवारीत विद्यापीठाची तपासणी समिती येणार होती. "पंखा मी करूनच घेणार आहे. पण लेखी राहिलं की नसत्या चौकश्या मागे लागतात. एवढा चौथा मुद्दा काढून टाक. तू समजूतदार आहेस."

मी काढला. ते पान नव्याने टाइप केलं, पाचव्याला चौथा केला, सह्या घेऊन (वाचून कोणी सही करत नाही) फाइलला लावलं. पंधरा मिनिटांचं काम. सरांना माझ्या संशोधन प्रवेशासाठी शिफारसपत्र द्यायचं होतं, हे त्या खोलीत कोणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

पुढचं तुझ्यावरच गेलं, ते तुला काय सांगायचं? तरी लिहिते, कारण मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचं आहे. पंखा तसाच राहिला. फेब्रुवारीत प्रयोग करताना तू ओट्यापाशी कोसळलीस. आठ दिवस दवाखान्यात होतीस. आणि तू परत आल्यावर चौकशी बसली, तीही तुझ्यावर! पंखा बंद आहे हे माहीत असताना प्रयोग का केला? माहीत होतं तर तक्रार का नाही केली? तू म्हणालीस, केली होती, सभेत. त्यांनी फाइल उघडली. फाइलमध्ये काही नव्हतं. सभेला असलेल्या बाकी कोणाला बोलावलंच नव्हतं. विद्यार्थ्यांची सचिव म्हणून मी तुझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. सर खिडकीबाहेर बघत होते. मी माझ्या पेनाचं टोपण बघत होते.

चौकशी समितीच्या बाईंनी तुला विचारलं, "तुमच्याकडे काही लेखी आहे का?" तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. मग म्हणालीस, "नाही, माझ्याकडे काही नाही."

तुला ताकीद मिळाली, प्रयोगशाळेची परवानगी गेली. एप्रिलमध्ये तू सामान बांधलंस. जाताना तुझ्या सगळ्या वह्या माझ्या पलंगावर ठेवून गेलीस, वर चिठ्ठी, 'तुला लागतील.' त्या वह्यांवर मी पहिली आले, मुंगे.

आता, मी ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

जिन्यातून उठून मी मंडळाच्या खोलीत गेले. जुना कच्चा मसुदा कुठे सापडतो का ते बघावं म्हणून माझ्या मेलमधल्या पाठवलेल्या गोष्टी चाळायला लागले. सापडला. सभेच्याच दिवशी, सरांनी बोलावण्याच्या आधी, मी तो एका व्यक्तीला पाठवला होता. 'रसायनांची स्पेलिंगं बघ गं, माझी बोंब आहे.' दहा मिनिटांनी उत्तर: 'टोल्युइन सुधारलं. चौथा मुद्दा छान लिहिलायस, थँक्यू.'

तुझं उत्तर.

म्हणजे चौकशीच्या दिवशी तुझ्याकडे ते होतं. तारखेसकट, माझ्या नावासकट. फोन तुझ्या पर्समध्ये होता. तू नुसता उघडून बाईंसमोर धरला असतास तर तू सुटली असतीस आणि मी अडकले असते. माझ्याकडे पाहिलंस ते मदतीसाठी, असं मी सहा महिने समजत होते आणि तेच मला खात होतं. तसं नव्हतं. तू मला वेळ देत होतीस. मी तो घेतला नाही, तेव्हा मला वाचवलंस.

मग खाली प्रयोगशाळेत मामांकडे गेले. प्रयोगशाळेचे मामा, आपल्यावर काचेच्या नळ्यांवरून ओरडणारे. त्यांना सगळं सांगितलं. घरी आईलाही सांगितलं नव्हतं, त्यांना सांगितलं. ते बाटल्या पुसत ऐकत राहिले. मग कपाटातून त्यांची रोजची वही काढली. मागच्या ऑक्टोबरपासून जवळजवळ प्रत्येक पानावर त्यांच्या तिरक्या अक्षरात: 'धूर पंखा बंद. हापिसात कळवले.' 'पंखा बंद. परत कळवले.' एके ठिकाणी, 'पंखा बंद. बारक्या चष्मेवाल्या मुलीने विचारले. लाज वाटली.' ती तू.

"मामा, ही वही चौकशीत का नाही दाखवलीत?"

"मला आत बोलावलंच नाही कोणी. आता मागशील तर देतो. पण सभेत काय बोलणं झालं आणि कागदाचं काय झालं, ते माझ्या वहीत नाही. ते तुलाच सांगावं लागेल."

मग म्हणाले, "भ्यायला होतंय?"

"हो."

"होणारच. मी बाहेर बाकावर बसतो."

आणि खरंच बसले. सप्टेंबरच्या सभेत, दुपारी तीन वाजता, अर्जित रजा टाकून, वही मांडीवर घेऊन. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडणार, सांग. दार अर्धं उघडं होतं. मला त्यांच्या चपला दिसत होत्या, तेवढ्या आधारावर मी बोलले. विषयपत्रिकेत शेवटी 'मागील इतिवृत्तात दुरुस्ती' असं मीच घातलं होतं. मी उभी राहिले आणि मूळ मसुदा वाचला, मग बदललेला वाचला, मग म्हणाले, "हा बदल मी केला. त्यामुळे एका मुलीवर खोटा ठपका आला." सरांचं नाव मी घेतलं नव्हतं. घ्यायचं ठरवलं होतं, पण ते वाक्य मी गाळलं.

कोणीतरी विचारलं, "कोणाच्या सांगण्यावरून?"

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "माझ्या."

इतकंच. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढे म्हणाले, "ती मुलगी दवाखान्यात होती तेव्हा मी दोनदा खालपर्यंत जाऊन परत आलो. वर जायचं धाडस झालं नाही." माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही, मुंगे, आणि तुला यावाच. पण त्या एका शब्दाबद्दल मी त्यांचीही आभारी आहे. ते नाकारू शकले असते. त्यांच्या शब्दापुढे माझा कोणी धरला असता? त्यांनी स्वतःच सगळं वर लिहून कळवलं आणि प्रमुखपद सोडलं. ते आता नुसते शिकवतात. चांगलं शिकवतात.

मी सचिवपदाचा राजीनामा दिला. मनात कुठेतरी होतं की मंडळवाले 'अगं राहू दे' म्हणतील. कोणी म्हणालं नाही, आणि ते योग्यच झालं. उंट आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी वाचनालयात समोर येऊन बसला आणि म्हणाला, "तुझ्यावर विश्वास ठेवायला मला जरा वेळ लागेल. तोवर चहा प्यायला हरकत नाही." मला रडूच आलं. नवी सचिव शंका. तिने पहिला नियम हा केला की इतिवृत्त दोन दिवसांत फलकावर लागेल आणि ज्याचा मुद्दा त्याची सही त्याच्यापुढे.

आणि पंखा? पट्टा तुटला होता. मिस्त्री आला, चाळीस मिनिटांत बसवून गेला. आम्ही सगळे बघत उभे होतो. पंखा सुरू झाला तेव्हा कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

तुझी ताकीद मागे घेतली आहे. त्याचं रीतसर पत्र तुला विद्यापीठाकडून वेगळं येईल, त्यात तुझी माफीही मागितली आहे. मजकूर मी वाचलाय, गुळमुळीत नाही. वर्ष पुढच्या जूनपासून जिथे सोडलंस तिथून धरता येईल, किंवा दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर तुझे गुण तिकडे पाठवतील. काय करायचं ते तू ठरव. ये असं मी म्हणणार नाही. मला तसं म्हणायचा हक्क नाही, आणि तू आलीस म्हणजे माझं सगळं माफ झालं असं मला वाटायला लागेल. ते नको.

मला फक्त आभार मानायचे आहेत, आणि ते नीट मानता येत नाहीत. तू मला त्या दिवशी वाचवलंस, त्यासाठी. त्याहून जास्त, नंतर एकदाही ते माझ्यासमोर आणलं नाहीस, त्यासाठी. पण मुंगे, एक सांगू? पुन्हा कोणासाठी असं करू नकोस. फोन उघडून सरळ समोर धर. माझ्यासारखीसाठी तर मुळीच गप्प बसू नकोस. अशा माणसाला वाचवलं की ते सहा महिने तसंच राहतं, आणि तुझे मात्र सहा महिने जातात.

उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. या सगळ्यातल्या कशाचंच उत्तर नाही दिलंस तरी चालेल. एकच विचारायचं आहे. चार पानं झाली, विचारायला जीभ रेटत नव्हती. तुझा श्वास आता कसा आहे? जिना चढताना अजून मध्ये थांबावं लागतं का? एवढंच एका ओळीत कळव. नाहीतर धाकटीला कळवायला सांग.

तुझी माजी सचिव,
आणि तुला चालणार असेल तर अजूनही
तुझी मैत्रीण