टायरोसिन घेऊन येणारी माणसं

प्रिय वैजू,

काल कुरिअर आलं. माणसाने खोका हातात ठेवला, मोबाइलवर बोटाने सही घेतली आणि निघून गेला. आत टायरोसिनची बाटली. मागोमाग तुझा निरोप, की आई, आता हे पुण्यातच मिळतं, तुला कुणाकडे हेलपाटे घालायला नकोत. हेलपाटे हा शब्द तुझा. मी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

तुझे बाबा गेले, माझं थायरॉइड बिघडलं, झोप उडाली, तेव्हा तू शिकागोहून पहिली बाटली धाडलीस. अमिनो ॲसिड आहे, थायरॉइडला बरं, ताणालाही बरं, असं समजावलंस. जन्मभर पित्ताला जपलेल्या बाईला लेकीने ॲसिड पाठवलं, हे मी अख्ख्या पेठेत सांगून झालंय. तिकडून जो कुणी पुण्याला येईल त्याच्या बॅगेत तू बाटली कोंबायचीस आणि मी ती आणायला जायची. येरवड्याच्या यज्ञेश्वर सोमणांच्या मुलीकडून कळलं, की तू केस कापलेस. फोटोत तू कायम टोपीत, मला कसं कळणार? आणखी एकीने तुझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. चिकट झाली होती म्हणाली. माझीही होते, म्हणून ऐकून फार बरं वाटलं. बाटली दारातच मिळायची, पण चहा संपेपर्यंत मी उठत नसे, आणि दुसऱ्यांच्या घरी मी चहा फार सावकाश पिते.

खरं सांगायचं तर डॉक्टरांनी ती कॅप्सूल दिवाळीतच बंद केली. थायरॉइडची रोजची गोळी चालू असताना मला न विचारता हे वरचं काही घ्यायचं नाही, असं चांगलं खडसावलं. गोळी नेमाने घेते, तब्येत ठीक आहे. तुला मात्र मुद्दामच बोलले नाही. बाटल्या थांबल्या असत्या, तर तुला डोळ्यांनी पाहून आलेल्या माणसांकडे मी कोणत्या निमित्ताने गेले असते?

गेल्या महिन्यात कात्रजला सर्जेरावांकडे गेले होते. त्यांची सून मैना तुझ्याच ऑफिसात, सुट्टीवर आलेली. तिच्या सासूबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी वाढता वाढता मैना बोलून गेली, की वैजूताईपण हेच घेतात, टेबलाच्या खणात बाटली असते, दुपारचं जेवण मात्र राहून जातं. सासूबाईंनी डोळ्यांनी दटावलं, पण तोवर बोलून झालं होतं. म्हणजे थायरॉइड तुझंही, झोप तुझीही गेलेली. आणि रोज सकाळी फोन करून, आई, कॅप्सूल घेतलीस का, हे तू मला विचारतेस. तुला कोण विचारतं गं?

त्या दिवसापासून घास गोड लागत नाही. तुला जवळ बसवून बघावंसं वाटतं, बाकी काही नको. थंडी सोसत नाही म्हणून तुझ्याकडे यायचं मी दोनदा टाळलं. आता श्रीनिवासमामाच्या मागे लागून व्हिसा करून घेतलाय, तिकीटही काढलं. आपण दोघी तिथल्या डॉक्टरांकडे जाऊ आणि तुझ्या खणातली बाटली त्यांना दाखवू. मेतकूट आणू की भाजणी, तेवढं कळव. यावेळी पुण्याहून येणारं माणूस मीच आहे. विमानतळावर टोपी घालून येऊ नकोस.

तुझीच,
आई