राउटरला मी हात लावलेला नाही

विचुंबे, नवीन पनवेल
रविवार, दुपार

आदरणीय जीवनराव यांस,

कुमारचा वाकून नमस्कार (कमरेपर्यंतच, त्याखाली वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे). आपली शुगर आणि विहीणबाईंचा गुडघा, दोन्हींची खुशाली कळवावी. इकडे कुमुद ठीक, सुशांत ठीक. नातीचा, म्हणजे पूर्वीचा, पुढचा दात पडला असून तो तिने देवघरात ठेवला आहे. दसरा यथासांग पार पडला. स्कूटर, शिवणयंत्र, पूर्वीची पाटी, सगळ्यांची पूजा झाली. श्रीखंड थोडे आंबट होते, पण तो विषय आमच्या घरात मिटलेला आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असे आपल्या मनात येईल. फोनवर बोललो की ऋचा पलीकडच्या खोलीतून ऐकते. व्हॉट्सॲपवर लिहावे, तर आपण आलेले सगळे फॅमिली ग्रुपवर पुढे ढकलता (माझ्या पोटाचा रिपोर्ट मी फक्त आपल्यासाठी पाठवला होता. राग नाही, आठवण करून दिली). तेव्हा हे पत्र वाचून कपाटात ठेवावे.

ऋचाने, आपल्या लेकीने, सांगितलेच असेल की तिच्या कंपनीचे ऐरोलीचे ऑफिस दिवाळीनंतर हैदराबादला जाते आहे. घरून काम करता येईल अशी एकच जागा होती आणि तिची मुलाखत शुक्रवारी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, साडेअकराला लॅपटॉपवर होती. जागा मिळाली तर सगळे इथेच. नाही मिळाली तर ऋचा, सुशांत आणि पूर्वी हैदराबादला, आणि मी व कुमुद तीन खोल्यांत समोरासमोर. मी कुणापाशी बोललो नाही, पण गेले पंधरा दिवस मला झोप नव्हती.

शुक्रवारी दहाला ऋचाने लॅपटॉप उघडला आणि इंटरनेट नाही. म्हणजे कसे, की वायफायची खूण दिसत होती आणि खाली लिहिले होते, "जोडलेले आहे, इंटरनेट नाही". कार्यालयात पाहुणे आले, आहेर दिला, पण जेवायला बसत नाहीत, असा तो प्रकार. ऋचाने सगळ्यांना विचारले, राउटरला कोणी हात लावला का. कुमुद नाही म्हणाली. सुशांत ऑफिसला गेला होता. मी म्हणालो, मी हात लावलेला नाही.

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय आपल्यालाही ठाऊक असेल, बंद करून चालू करणे. राउटर तीस सेकंद बंद ठेवायचा असतो. मी तीस आकडे मोजले. कुमुद म्हणाली, भरभर मोजलेत. पुन्हा मोजले. तिसऱ्या वेळी तिने स्वतः मोजले, तेव्हा मध्येच दूधवाला आला आणि तिसाचे दोनशे झाले, पण फरक शून्य. मग लॅपटॉपने स्वतःचा दोष स्वतःच शोधायचा असा एक उपाय असतो, तो केला. चार मिनिटे तो शोधत होता आणि शेवटी त्याने आम्हालाच विचारले, तुमची अडचण सुटली का? (चाळीस वर्षे सरकारी नोकरी केली, पण इतका मुरलेला कारकून मी पाहिला नाही.) मग ऋचाने लॅपटॉपला वायफाय विसरायला लावून पुन्हा ओळख करून दिली. पासवर्ड विचारला तर मला आठवेना, कुमुदला आठवेना, पूर्वीने मात्र पडलेल्या दाताच्या फटीतून घडाघडा म्हणून दाखवला. तरी इंटरनेट नाही. मोबाइलवरून जोडावे, तर आमच्या घरात नेटची रेंज फक्त बाथरूमच्या खिडकीत येते, आणि बादलीवर बसून मुलाखत द्यायला ऋचा तयार नव्हती.

मी स्वस्थ बसलो असे समजू नका. इंटरनेटच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईंनी कोणते दिवे लागले आहेत ते विचारले, मी दिवाळीच्या माळेसारखे सगळे वर्णन केले आणि त्यांनी अठ्ठेचाळीस तासांत माणूस पाठवतो म्हणून सांगितले. मग मी खाली गेलो. रस्त्यावर पाइपासाठी खड्डा खणत होते, तिथल्या मुकादमाला चांगले सुनावले. तो शांतपणे म्हणाला, काका, तुमची केबल त्या बाजूने येते, आम्ही या बाजूला खणतोय. त्यानंतर मी कबुतरांवर संशय घेतला, पण गच्चीची किल्ली मिळाली नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ऋचा पलंगावर बसली. रडली नाही, नुसती लॅपटॉपकडे बघत राहिली. मला तेव्हा फार वाईट वाटले, जीवनराव. किती वाईट वाटले ते पुढे कळेल.

आमच्या समोरच्या बंगल्यात भामाबाई राहतात. आमची बिल्डिंग उभी आहे ती मूळ त्यांच्या सासऱ्यांची भातशेती. मुकादमाला मी सुनावले ते त्यांनी गॅलरीतून ऐकले होते. त्या सरळ जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "तुमी कशाला टेन्शन घेता? पोरीला आमचे घरी पाठवा, आमचा नेट चालू हाय. कोन काय बोलनार नाय." ऋचा लॅपटॉप छातीशी धरून, पायात कुमुदच्या चपला घालून धावली. मुलाखत भामाबाईंच्या हॉलमध्ये झाली. पाठीमागे त्यांच्या हरेशने टेनिस क्रिकेटमध्ये जिंकलेले माणसाच्या उंचीचे चषक. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला म्हणे, की आपण फलंदाज की गोलंदाज? तिथे सगळे हसले आणि पुढची मुलाखत बरी गेली. निकाल यायचा आहे. भामाबाईंनी तिला उपाशी सोडले नाही, आम्हालाही डबा आला.

संध्याकाळी इंटरनेट कंपनीचे प्रितम नावाचे टक्कल पडलेले गृहस्थ आले. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलेदेखील नाही. राउटर उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, तार चुकीच्या भोकात आहे. मग बरोबरच्या भोकात चिमटा घालून त्यांनी तांदळाचा एक दाणा बाहेर काढला. कुंकवाने लाल झालेला. ऋचाने दाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, मुंग्यांनी नेला असेल. प्रितमभाऊ म्हणाले, मुंग्या तार बदलत नाहीत. ऋचा काहीच बोलली नाही आणि अजूनही त्या विषयावर बोललेली नाही.

बाकी सर्व क्षेम. विहीणबाईंना नमस्कार.

आपला व्याही,
कुमार

ता. क. : आपल्यापासून काय लपवायचे. दसऱ्याला मुले रोडपालीला सोने द्यायला गेली आणि कुमुद पुऱ्या तळत होती, तेव्हा राउटर मी पाटावर घेतला होता. जिच्यावर घर चालते त्या वस्तूची पूजा करायची ना? लॅपटॉप कपाटात होता, म्हणून राउटर. ऋचाला ती जागा मिळू दे म्हणून मूठभर अक्षता वाहिल्या. नंतर काढलेली तार निळ्या भोकात परत बसेना, म्हणून शेजारच्या पिवळ्यात बसवली. हिरवा दिवा लागला, मला वाटले पूजा पावली. मुले रात्री उशिरा परतली, म्हणून त्या दिवशी कुणाच्या लक्षात आले नाही. मात्र हात लावला नाही हे खरे आहे. सोवळ्यातल्या उपरण्याने धरला होता.

ता. क. २ : खरे काम हे, की राउटरची पूजा ही तुमच्या घराण्याची पद्धत असून तुम्हीच मला सुचवली, असे ऋचाला सांगावे. आपण वडील, आपल्यावर ती रागावून मोकळी होईल. माझ्याशी ती नुसतीच गप्प बसते, आणि गप्प बसून वाढलेला भात मला पचत नाही.

ता. क. ३ : आपला पिनकोड सापडत नाही. ऋचाला विचारून पाकिटावर घालतो.

सोमवार

बाबा,

पिनकोड घालायला पाकीट माझ्याकडे आलं. उघडंच होतं, म्हणून नानांचं पत्र वाचलं. तो तांदळाचा दाणा नानांनी प्रितमभाऊंकडून मागून घेतला आणि देवघरात पूर्वीच्या दाताशेजारी ठेवला, हे मी शुक्रवारीच पाहिलं होतं. मी रागावले नव्हते. तोंड उघडलं असतं तर रडले असते, म्हणून गप्प होते.

आज सकाळी मेल आला. जागा मला मिळाली, आम्ही कुठेही जात नाही. नानांना मी संध्याकाळी सांगणार आहे, हे पत्र तुमच्या हाती पडेल तोवर त्यांना कळलेलं असेल. आणि त्यांनी लिहिलंय तसं तुम्ही खुशाल सांगा, पद्धत आपलीच म्हणून. मी ऐकून घेईन. फक्त त्यांना एवढं कळवा, की आपल्या पद्धतीत अक्षता राउटरवर वाहत नाहीत, सुनेच्या डोक्यावर टाकतात.

ऋचा