जाहीर केलेली उपकारस्तुती

देवळी,
८ फेब्रुवारी

ती. अक्का हिस,
धाकटा भाऊ प्रभाकर याचा प्रभूमध्ये सलाम वि. वि.

फोनवर तू काय बोलतेस ते मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर रागावू नको. माझी शाळा किती झाली ते तुला माहीत आहे.

नातू घरी आला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. रेल्वेचा तो अपघात तू टीव्हीवर पाहिलाच असशील, सारा देश पाहतो आहे. आपला पीयूष आणि शेजारच्या रुख्माबाईचा गोपाल नोकरीच्या परीक्षेला सोबतच निघाले होते. पीयूष पाणी आणायला पुढच्या डब्यात गेला आणि गोपाल जागेवर झोपून राहिला. पीयूष याहून जास्त सांगत नाही. जेवायला बसतो, भाकर मोडतो, तशीच ठेवून उठतो. त्याची आई रीता दिवसभर काम करते आणि विचारलं तर बरी आहे म्हणते.

आता माझं ऐक. गाडी रुळावरून घसरल्याची बातमी आली तेव्हा मी गुडघे टेकून देवाला वचन दिलं की पोरगा परत दे, मी मंडळीपुढे उभा राहून उपकारस्तुती करीन आणि सर्वांना जेवू घालीन. मग पीयूषचा फोन आला. गोपाल दवाखान्यात आहे, वाचेल, असंही कळलं. त्याच रविवारी मी चर्चमध्ये उठून येत्या पंधरा तारखेची उपकारस्तुती जाहीर केली. सगळ्यांनी माझे हात धरले. मंगळवारी गोपाल गेला.

त्यांच्या आणि आपल्या अंगणाच्या मध्ये फक्त तुराट्यांचं कुंपण आहे. तिकडे सुतक असताना इकडे पंगत कशी बसवू? आणि नाही करावी तर वचन मोडतं. वचन मोडलं म्हणून देवाने दिलेलं परत मागितलं तर? पीयूष नळावर गेला तरी मी फाटकापाशी जाऊन उभा राहतो. रात्री त्याचा श्वास ऐकू येत नाही म्हणून त्याला हलवून उठवतो. तो कूस बदलतो.

तू मोठी आहेस. काय करू ते लवकर कळव.

तुझ्या मायेत पहिल्यासारखीच जागा असू दे.
तुझा,
प्रभाकर

हिंगणघाट,
१२ फेब्रुवारी

प्रिय प्रभाकर यास,
अनुसयाचा सलाम आणि आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळालं. कोंबडीने उकिरडा उकरावा तसं अक्षर आहे, तरी सून जवळ होती म्हणून लागलं. लहानपणी आईला बाजारातून यायला उशीर झाला की तू ती मेली समजून गळा काढायचास आणि मार मला बसायचा. म्हातारा झालास तरी तोच आहेस. पोराला झोपू दे.

वचन तू देवाला दिलंस, पंगतीला नाही. घरात दार लावून तुम्ही तिघं गुडघे टेका, तेवढं त्याला पोचतं. पण मंडळीत जाहीर झालं आहे, म्हणजे रुख्माबाईच्या कानावर आज ना उद्या जाणारच. दुसऱ्याच्या तोंडून जाण्याआधी तू स्वतः जाऊन सांग. रीताला पाठवू नको, तू जा.

आमच्या चर्चमध्ये याच रविवारी, पंधरालाच, अपघातात गेलेल्यांची आठवण करणार आहेत. सगळीकडेच करणार, असं टीव्हीवरही सांगत होते. तुमच्या चर्चच्या पाळकांनी काय ठरवलं ते विचार. गुडघेदुखीमुळे माझं येणं होणार नाही.

तुम्हा तिघांवर माझा जीव आहे तो आहेच. खुशाली लिहीत जा.
तुझी,
अक्का

देवळी,
१७ फेब्रुवारी

ती. अक्का हिस,
प्रभाकरचा सलाम वि. वि.

तू सांगितलंस म्हणून गेलो. रुख्माबाई ओट्यावर वांगी निवडत बसली होती. बाजारात न्यायची नव्हती, नुसतीच निवडत होती. मी म्हणालो की रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रार्थना आहे. पुढचं तोंडातून निघेना. ती म्हणाली की हो, टीव्हीवर सांगून राह्यले, सगळ्या मेलेल्यांची प्रार्थना आहे म्हणून. मग विचारलं की तुमच्या देवाले सुतक चालते का, चालत असन त गोपालचा फोटो घेऊन येतो. अक्का, मी हो म्हणून मान हलवली. घरी येऊन रीताला सांगितलं. ती म्हणाली की बाबा, बुंदी तर सांगून ठेवली आहे.

रविवारी लोक उपकारस्तुतीला म्हणून आले. रुख्माबाई पहिल्या बाकावर येऊन बसली होती. फोटोला झेंडूचा हार, काचेवर कुंकू. तो तिने नेऊन प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला ठेवतो त्या टेबलावर ठेवला. मागून मंडळीच्या कमिटीतले एक वडील कुजबुजले की हे आपल्यात बसत नाही, काढायला सांगा. पाळकसाहेब माझ्याकडे पाहत राहिले. मी खाली पाहिलं. तेव्हा पीयूष उठला. त्याने समोरची फुलदाणी बाजूला केली, फोटो थोडा वळवला, तिच्या बाकावरून दिसेल असा, आणि परत येऊन माझ्या शेजारी बसला.

पाळकसाहेबांनी माझं नाव पुकारलंच नाही. अपघातात गेलेल्यांची आठवण करून मागे राहिलेल्या घरांसाठी प्रार्थना केली. गोपालचं नाव घेतलं. रुख्माबाईला आमेन कधी म्हणायचं ते ठाऊक नव्हतं, ती शेजारणीकडे पाहून म्हणत होती. कोणी रडलं नाही. गीतसुद्धा लोकांनी हळूच म्हटलं.

नंतर अंगणात रीता फक्त चहा देत होती. बुंदीचं पातेलं कापड टाकून भिंतीशी ठेवलं होतं. रुख्माबाई कप ठेवायला तिकडे गेली आणि तिने कापड उचललं. मी जवळ गेलो. ती म्हणाली की बाबाजी, हे पीयूषसाठी होतं ना. मी हो म्हणालो. ती म्हणाली की आधी काऊन नाई सांगतलं. मग म्हणाली की माहा गोपाल आला असता त मीनंही गाव जेवू घातलं असतं.

मग तिने ओंजळभर बुंदी काढली, पीयूषला हाक मारली आणि त्याच्या हातात दिली. खाय म्हणाली, वाळून गेला. त्याने तिच्यासमोर उभं राहून सगळी खाल्ली. तिने स्वतः एक दाणा तोंडात टाकला नाही.

पाळकसाहेब विचारत होते की तुमची उपकारस्तुती पुढच्या रविवारी घेऊ का. मी नको म्हणालो. वचन मोडलं की फिटलं ते मला कळत नाही आणि आता विचारायची ताकदही नाही. काल पीयूष सकाळीच कुंपणापलीकडे गेला, तिची वांगी बाजारात पोचवायला. मी फाटकापर्यंत गेलो नाही. खाटेवर बसून राहिलो.

पत्राला उशीर झाला तरी या भावाला दूर करू नको.
तुझा,
प्रभाकर