खर्शीकरांची आंघोळ

४ मार्च १९७३

फाडला! खर्शीकरांचा फोटो. ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला होता, तिथंही यांचा हात पोचला. "लग्न झालेल्या बाईच्या ट्रंकेत परका बाप्या?" सासूबाईंचं तोंड तर दुपारपर्यंत थांबलं नाही.

अरे, साठीचा माणूस तो! नाटकात म्हाताऱ्याचं काम करतो. लग्नाआधी सोलापूरला मामाकडं होते तेव्हा तेच नाटक तीनदा बघितलं. पोरानं घराबाहेर काढलेला बाप. शेवटी काही बोलत नाही, रडत नाही. नुसती आपल्या धोतराची घडी घालत बसतो, कोपऱ्याला कोपरा लावून. थेटरात कुणी खोकलं नाही. रंगराव खर्शीकर हे नाव त्या दिवसापासून डोक्यात बसलं. आता हे या घरात कुणाला सांगू? भिंतीला?

इथून पुढं या वहीत यांना मी सेक्रेटरीच म्हणणार. गावच्या शेती सोसायटीचे सेक्रेटरी, घरातही सेक्रेटरी. हुकूम सोडायचा नि मिशा पुसायच्या.

९ मार्च

रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी. पाण्याला वास. सासूबाईंनी बोलणं टाकलंय. बरंच झालं.

१४ मार्च

सोसायटीच्या चेअरमन तात्यारावला नाटकाचा झटका आलाय. 'दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी' म्हणे! माणसं दुष्काळी कामावर उन्हात खडी फोडून मरायला लागलीत आणि याला उमरग्याच्या साहेबलोकांसमोर हार घालून घ्यायचेत.

आणि नाटक तेच, सोलापूरचं. नट कोण आणतायत? खर्शीकर!

उतरणार आमच्याच घरी. न्हाणीघर गावात दोनच घरांत, आणि चेअरमनच्या घरी पाहुण्यांची गर्दी. सेक्रेटरी जेवताना दात काढून म्हणाले, "बघ आता जवळून तुझा देव. पिऊन पडतेत ही माणसं. तुझ्याच हातानं वाढ, म्हणजे कळंल."

मी पातेलं आपटलं. पण खरं लिहू का? भीती वाटतेय. खरंच तसा निघाला तर? तीन वर्षं या घरात मी त्या एका आठवणीवर काढलीत. तीही जाईल. आणि सेक्रेटरी जन्मभर हसतील.

२१ मार्च

उद्या नाटक. आज जे झालं ते लिहितेय. रागानं.

खडीच्या कामावर एक दिवसाआड पाण्याचा टँकर जातो. तो सोसायटीच्या ताब्यात, म्हणजे सेक्रेटरींच्या. सकाळी ड्रायव्हर बसप्पा दारात आला. सेक्रेटरी म्हणाले, "आज कामावर जायचं न्हाय. शाळेच्या मैदानावर शिंपड, धूळ बसली पायजे. उरलेलं आमच्या टाकीत सोड. पाव्हणे येणारेत."

बसप्पा म्हणाला, "साहेब, तिथं अडीचशे माणूस हाय. उन्हात हाय."

"तुला नोकरी करायचीय का न्हाय?"

बसप्पानं मान खाली घातली. मैदानावर पाणी मारलं. घटकाभरात जमीन पुन्हा पांढरी! टाकी मात्र काठोकाठ.

दुपारी खडी फोडणारी धुरपदाबाई आली, कामावरनं चालत, रिकामी कळशी घेऊन. "बाई, गाडी आली न्हाय आज. वाटंत बंद पडली व्हय?"

मी काय बोलले? "मला नाही माहीत," म्हणाले. दारात आडवी उभी राहून, टाकी दिसू नये म्हणून! सेक्रेटरींना शिव्या घालते रोज. आज मी त्यांच्याहून काय वेगळी?

२२ मार्च, दुपार

आले.

एस.टी.तून उतरले तेव्हा ओळखलंच नाही. बुटके. टक्कल. एवढ्या उन्हात गळ्याला मफलर. दम्याचा खोकला. ताटावर बसले नि पहिलं वाक्य— "तिखट लई झालंय." बस. माझ्याकडं वर बघितलंसुद्धा नाही. सेक्रेटरी माझ्याकडं बघून हसले. संताप आला. खर्शीकरांचाच आला! याच्यासाठी मी बोलणी खाल्ली?

मग आंघोळीला उठले. टाकीत डोकावले आणि थांबले. "एवढं पाणी? येताना बायका डबक्यातून वाटीवाटीनं भरत होत्या."

"तुमच्यासाठी खास, साहेब," सेक्रेटरी म्हणाले.

खर्शीकरांनी माझ्याकडं वळून विचारलं, "बाई, कुठलं पाणी हे?"

सेक्रेटरींनी डोळे वटारले. कालची कळशी डोळ्यांपुढं आली. मी बोलले. "खडीच्या कामावरच्या माणसांचं आहे. काल त्यांना मिळालं नाही."

खर्शीकरांनी टॉवेल खांद्यावर टाकला, आत गेले, कडी लावली. मी मनात म्हटलं, झालं! सगळे एकाच माळेचे मणी. आता पाण्याचा आवाज येईल.

आलाच नाही. टॉवेलाचं ओलं टोक तोंडावरनं फिरवून बाहेर आले. "झाली आंघोळ. आता हे पाणी जिथलं तिथं पाठवा. तोवर मी तोंडाला रंग लावत नाही."

"टँकर उमरग्याला गेला, साहेब."

"बैलगाडी आहे की. पिंपं आहेत. मी बसतो गाडीत, सांडू देत नाही."

चेअरमन धावत आला. साहेबलोक निघालेत, तीनला खेळ, लोक काय म्हणतील! खर्शीकर खोकत खोकत म्हणाले, "मग लवकर भरा ना."

आता तिसरी खेप गेलीय. पहिल्या खेपेला ते स्वतः गाडीत होते, पिंपाला मिठी मारून. मी दारात उभी. मुद्दाम उभी. सेक्रेटरींनी बघावं म्हणून.

२३ मार्च

काल खेळ चारला लागला. वीज नव्हती, म्हणून उजेडातच. दिवे नाहीत, पडदा वाऱ्यानं उडतोय, पोरं रडतायत, धुळीनं नाक भरलेलं. पुढं साहेबांच्या खुर्च्या. कामावरची माणसं मागं भिंतीशी. धुरपदाबाईला मी बायकांत ओढून घेतलं, सासूबाईंच्या नाकासमोर.

खर्शीकरांच्या डोक्यावर रस्त्याची धूळ तशीच होती. मला वाटलं, उघड्या मैदानात ते शेवटचं काम जमणारच नाही. हसतील लोक.

त्यांनी धोतर घेतलं. कोपरा शोधला. हातातून निसटला, पुन्हा शोधला. सोलापूरला निसटला नव्हता. घडी घातली, मांडीवर ठेवली, वरून हात फिरवला. पाच-सातशे माणूस गप्प! चेअरमनसुद्धा तोंड उघडं टाकून बसलेला.

धुरपदाबाईनं जन्मात नाटक बघितलं नव्हतं. माझं मनगट धरून हळूच म्हणाली, "माझा बाप असाच बसायचा गं."

कुठंही कमी पडला नाही माणूस. मी मनात जेवढा मोठा करून ठेवला होता, तेवढाच निघाला. थोडा जास्तच.

आज पहिल्या एस.टी.नं गेले. माझं नावही विचारलं नाही. विचारायचं कारण काय? काम केलं, गेले.

२६ मार्च

गाल सुजलाय. "चार लोकांत माझं नाक कापलंस!" सासूबाई बघत होत्या. 'आणखी दे,' असं तोंडानं म्हणाल्या नाहीत, एवढंच.

आणि हरामखोरी बघा! कामावरच्या लोकांनी पाण्याची तक्रार वर पाठवली, तर सेक्रेटरींनी आज रिपोर्ट लिहिला की ड्रायव्हर बसप्पानं टँकर स्वतःच्या मनानं वळवला. त्याला घरी बसवलंय. माझ्यासमोर बसून लिहिला, शाई फुंकून वाळवली. वर मला, "चौकशीला कुणी आलं तर तू काय बघितलं न्हाईस."

३१ मार्च

बसप्पाची बायको ओट्याशी येऊन बसली. काही मागितलं नाही. सासूबाईंनी हाकलली.

२ एप्रिल

उमरग्याहून चौकशीचे साहेब आले. सोसायटीच्या ओट्यावर सगळं गाव. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले.

"टँकर व्यंकटरावांनी वळवला," मी म्हणाले. नाव घेऊन. जन्मात पहिल्यांदा. "मी तिथंच उभी होते."

लिहिणाऱ्याचा हात थांबला. साहेबांनी विचारलं, "व्यंकटराव तुमचे कोण?"

"नवरा," म्हणाले. "लिहा."