मधमाशी नव्हे, माशी!

तीर्थस्वरूप थोरल्या मावशीस, पुस्तकं शिवणाऱ्या भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनात वाकलोय).

तुझे गुडघे काय म्हणतात? संग्रहालयात तीस वर्षं किड्यांना चिठ्ठ्या लावल्यास, पण भाच्याला चार ओळींची चिठ्ठी धाडवत नाही, अशी इथे तक्रार आहे. हिची तब्येत सुधारतेय. पाच महिने अंथरुणात काढल्यावर गेल्या पंधरवड्यापासून ती बाइंडिंगच्या दुकानामागे, उन्हातल्या मातीच्या भिंतीपाशी खुर्ची टाकून बसते. गोळ्यांपेक्षा त्या कोपऱ्यानेच तिला उभं केलं, हे मी शेजारच्या औषधवाल्यासमोर बोलत नाही.

तर त्या भिंतीवर एक केसाळ प्रकरण घिरट्या घालू लागलं. सोनेरी लव, नखाएवढा देह आणि तोंडापुढे ही लांब सुई! हवेत एकाच जागी असं थबकायचं, की वाटावं घरनंबर वाचतंय. औषधवाल्याने (भिंत सामाईक आहे) लांबूनच निदान केलं: विषारी मधमाशी, नांगी पुढे आलेली. मंगळवारी फवारणीवाला येणार, भिंतीतली भोकंही लिंपायची, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. हिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "मग मी बसू कुठे? आत, तुमच्या खळीच्या वासात?"

मावशी, मी पेटून उठलो. तू पूर्वी पाठवलेलं केसाळ माश्यांचं टिपण शोधलं, एक माशी झडप घालून बरणीत पकडली (प्रसंग थरारक होता, विस्तार भेटीत) आणि सोनेरी वर्खाचं काम तपासायचं भिंग डोळ्याला लावलं. मधमाशीला पंख चार, हिला दोनच. मधमाशीच्या मिशा लांब, हिच्या नावापुरत्या. डोळे तर डोक्यावर एकमेकांना भिडलेले, म्हणजे तो नर, आणि तिला 'ही' म्हणणंच चूक! सुई म्हणजे फुलातला रस प्यायची सोंड. नांगीचा पत्ताच नाही. पंखाची पुढची कड काळी असली तर एक जात, पंखभर ठिपके असले तर दुसरी, असं तू लिहिलंयस. आमच्या नराची कड काळीकुट्ट होती.

मंगळवारी फवारणीवाला पाठीवर टाकी बांधून आला. मी बरणी पुढे केली, औषधवाल्याने भिंग घेतलं आणि दोनदा मोजून म्हणाला, "दोनच आहेत हो!" फवारणीवाला म्हणाला, "माशीसाठी मला एवढी टाकी वाहायला लावलीत?" आणि चालता झाला. भिंत वाचली. आता औषधवालाच दुपारी स्टूल घेऊन हिच्या शेजारी बसतो आणि गिऱ्हाईक आलं की वैतागतो.

तुझा,
धाकटा भाचा

ता.क. खरं काम राहिलंच. औषधवाल्याने पुढच्या शनिवारी शाळेत माझं भाषण ठरवलंय, विषय 'काळ्या कडेची माशी'. आमचा नर काल वारला. डबीत घालून पाठवतोय. जात बरोबर आहे, एवढं फक्त लिहून धाड.

पुन्हा ता.क. डबीत ठेवताना पंख ओल्या कापसाने टिपला, तर कड कापसावर आली. माझ्या बोटाची शाई होती ती. खाली ठिपके आहेत. भाषणाला तूच ये. औषधवाल्याला बोलू नकोस.

ता.क. (सूनबाईचं) मावशी, माशी यांनी नाही, मी पकडली, चहाच्या गाळणीने. हे टेबलाखालून "जपून गं!" म्हणत होते. तुम्ही नक्की या. पत्र टाकायला मीच निघालेय, कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत, एकटी, चालत.