बाबांचं शिंग बालवाडीत

आई,

कपाटात शिंग शोधू नका. आपलं नवं वर्ष परवावर आलंय, म्हणून बाबा सिनेगॉगमध्ये वाजवायचे ते मेंढ्याचं शिंग मी काल माझ्या बालवाडीतल्या पोरांना दाखवायला नेलं. विचारलं नाही, कारण तुमचं उत्तर ठरलेलं.

बावीस पोरांनी फुंकून नुसती थुंकी उडवली. मग चिमुरड्या नोगानं गाल फुगवले आणि ते वाजलं. शेवटी खरखरत, अगदी बाबांसारखं. सगळी नाचायला लागली. एकानं विचारलं, "हे वाजवणाऱ्या आजोबांच्या घरची आजी कुठे आहे?"

बाबा गेल्यापासून दोन वर्षं तुम्ही घराचा उंबरठा ओलांडला नाहीत, हे त्याला कसं सांगू? आज नव्या वर्षाची, मधात बुडवायची सफरचंदं आजीच कापणार, असं सांगून बसलेय.

दहा वाजता या. शिंग मुद्दाम बालवाडीतच ठेवलंय. न्यायला तुम्हालाच यावं लागेल.

तिर्त्सा